स्फटिक ठिसूळ असतो, पण कधी?

(जुईनगर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)

 

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचा लेथ मशीनशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातलीच आहे. पण तत्त्वज्ञानाचं आणि भिंगाचं नातं जुनं आहे. स्पिनोझा हा सतराव्या शतकातला एवढा मोठा तत्त्वज्ञ, तो पोटासाठी भिंगं घासायचा. 1677 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो छातीच्या दुखण्यानं गेला. काचेची धूळ त्याला भोवली असावी, असं पुष्कळ जण मानतात. म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करणं हे काम आमच्या पेशाला अगदीच परकं नाही.

आज मला एकच वाक्य तपासायचं आहे. वाक्य असं: ‘ठिसूळ वस्तू कापायला गेलं की ती तडकते.’ ऐकायला बिनतोड वाटतं. काच, खडीसाखर, स्फटिक, सगळ्यांना लागू पडतं. पण गेल्या काही दशकांत कारागिरांनी आणि संशोधकांनी मिळून या वाक्याला एक भोक पाडलं. ते कसं पाडलं, हे समजून घेऊ.

आधी, स्फटिक कापायचे कशाला? तर भिंगांसाठी आणि आरशांसाठी. ताप तपासणारे कॅमेरे कोविडच्या काळात तुम्ही पाहिले असतील. शरीरातून निघणारी उष्णता म्हणजे अवरक्त किरण, साधारण 8 ते 12 मायक्रॉन तरंगलांबीचे. आपल्या साध्या काचेतून ते पार होत नाहीत. जर्मेनियमच्या स्फटिकातून मात्र होतात. गंमत बघा, जर्मेनियमचं भिंग हातात घेतलं तर ते धातूच्या चकतीसारखं दिसतं, आपल्याला त्यातून काहीही दिसत नाही. आपल्याला अपारदर्शक, कॅमेऱ्याला पारदर्शक. तसाच सिलिकॉन. तिसरा कॅल्शियम फ्लोराइड. आणि चौथा केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. नाव अवघड आहे, पण नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार या पदार्थाला चांगले ओळखतात. ठिबकमधून जे ‘शून्य बावन्न चौतीस’ सोडतात ना, तेच हे रसायन. त्याचाच मोठा, शुद्ध स्फटिक वाढवला की तो लेसरच्या कामाला येतो.

आता दुसरा प्रश्न. गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत? इथे एक हिशेब सांगतो. आरशाच्या पृष्ठभागावर चढउतार असतील तर प्रकाश सरळ परत न जाता थोडा विखुरतो. किती विखुरतो? चढउताराला तरंगलांबीनं भागायचं, 4 पायनं गुणायचं आणि वर्ग करायचा. समजा चढउतार 5 नॅनोमीटर आहेत. केसाची जाडी साधारण 70,000 नॅनोमीटर असते, म्हणजे हे किती बारीक ते लक्षात घ्या. डोळ्यांना दिसणारा 500 नॅनोमीटरचा प्रकाश अशा आरशावर पडला तर सुमारे दीड टक्का विखुरतो. चांगल्या दुर्बिणीला हे चालत नाही. पण त्याच आरशावर 10 मायक्रॉनचा अवरक्त किरण पडला, तर विखुरणारा भाग भरतो एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. आरसा तोच, चढउतार तेच. एकाला खडबडीत, दुसऱ्याला लोण्यासारखा. म्हणून ‘हा पृष्ठभाग गुळगुळीत आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कुणासाठी गुळगुळीत, हे आधी सांगावं लागतं. एवढं मनात ठेवा.

आता लेथकडे येऊ. इथून जवळच शिरवण्याची एमआयडीसी आहे, तुमच्यातले काही जण तिथे आयुष्यभर टर्नर म्हणून राबले असतील. त्यांना मी काय सांगणार? पण बाकीच्यांसाठी सांगतो. जॉब गोल फिरतो, टूल हळूहळू सरकतं. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जितकं सरकतं त्याला फीड म्हणतात. टूलचं नाक गोलसर असतं, त्यामुळे कापलेल्या भागावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे बारीक चर उमटतात. चराची उंची काढायचं सूत्र सोपं आहे: फीडचा वर्ग भागिले नाकाच्या त्रिज्येची आठपट.

नेहमीच्या लेथवर फीड 0.1 मिलिमीटर आणि नाकाची त्रिज्या 0.8 मिलिमीटर धरा. चर येतो दीड मायक्रॉनचा, म्हणजे 1,500 नॅनोमीटर. आता डायमंड टर्निंगच्या मशीनवर या. तिथे टूल एकसंध हिऱ्याचं असतं. नाकाची त्रिज्या 1 मिलिमीटर आणि फीड फक्त 2 मायक्रॉन धरा. चर येतो अर्धा नॅनोमीटर! म्हणजे दोन-तीन अणूंच्या उंचीचा. फीड 10 मायक्रॉन केलं तर साडेबारा नॅनोमीटर. फीड पाचपट, चर पंचवीसपट. वर्गाचा हिशेब असा असतो.

हा झाला कागदावरचा हिशेब. तांब्यावर, अॅल्युमिनियमवर तो बऱ्यापैकी उतरतो. पण स्फटिक म्हणतो, मी काही तांबं नाही. मी ठिसूळ आहे. टूल लागलं की माझ्या कपचा उडतील, खड्डे पडतील, तुमचं सूत्र राहील बाजूला. म्हणून शतकानुशतकं स्फटिक घासूनच गुळगुळीत केला जायचा. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. स्पिनोझाचीच पद्धत.

इथे मी तुम्हाला आजीच्या पानाच्या डब्याकडे नेतो. सुपारी ठिसूळ की नाही? अडकित्त्यात अख्खी धरून दाबली की कटकन फुटते, तुकडे कुठेही जातात. पण सराईत हात असला की तीच सुपारी अगदी पातळ कातरली जाते, पाकळीसारखी, कडेला वळलेली. सुपारी बदलली का? नाही. अडकित्ता बदलला का? नाही. कापाची जाडी बदलली.

स्फटिकाचंही असंच काहीसं आहे, पण कारण नीट बघू. वस्तू कापताना तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक, भेग पाडून वेगळं व्हायचं. दोन, मेणासारखं दबून, वाहून बाजूला सरकायचं. दोन्हीला ऊर्जा लागते, पण हिशेब वेगळा. भेग म्हणजे नवा पृष्ठभाग, म्हणून तिचा खर्च क्षेत्रफळावर ठरतो. वाहण्यात आतला सगळा मालच हलतो, म्हणून त्याचा खर्च घनफळावर. आता काप दहापट बारीक करा. क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि घनफळ हजारपट. म्हणजे काप जितका बारीक, तितकं वाहणं स्वस्त आणि तडकणं महाग. कुठेतरी एक उंबरठा येतो. त्याच्या खाली स्फटिकाला तडकणं परवडतच नाही, तो वाहतो. सिलिकॉन-जर्मेनियमच्या बाबतीत हा उंबरठा दिशेप्रमाणे आणि टूलप्रमाणे काही दहा ते काहीशे नॅनोमीटर जाडीच्या कापाशी येतो.

शिवाय टूलच्या टोकाखाली दाब प्रचंड असतो. सिलिकॉनवर सुमारे 11-12 गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या लाखपटीहून जास्त दाब आला, की त्याची अणुरचनाच बदलते आणि तो काही क्षण धातूसारखा वागतो. त्या क्षणी हिरा त्याला कापतो. हा दाब वाढवायला टूल मुद्दाम मागे कललेलं ठेवतात, उणे 25 अंशांच्या आसपास. सरळ धारेचं टूल माल उचकटतं, मागे कललेलं टूल आधी दाबतं. पोळीची कणीक बोटानं ओढलीत तर तुटते, तळव्यानं दाबलीत तर पसरते. तसं.

आता फीडकडे परत येऊ, कारण खरी हुशारी तिथे आहे. टूलचं नाक गोल असल्यामुळे कापली जाणारी चिप सगळीकडे सारख्या जाडीची नसते. तळाशी, जिथे अंतिम पृष्ठभाग तयार होतो, तिथे ती जवळजवळ शून्य जाडीची. वर खांद्याशी ती सगळ्यात जाड. 2 मायक्रॉन फीड आणि 5 मायक्रॉन कट असेल तर 1 मिलिमीटर त्रिज्येच्या टूलला सगळ्यात जाड चिप सुमारे 200 नॅनोमीटरची येते. 10 मायक्रॉन फीडला तीच 1,000 नॅनोमीटर. म्हणजे खांद्यावर उंबरठा ओलांडला जातो आणि तिथे भेगा पडतात. पण त्या भेगा तळापर्यंत पोचल्या नाहीत, तर पुढच्या फेऱ्यांत तो खांदाच कापला जातो आणि भेगा चिपबरोबर निघून जातात. 1990 च्या सुमारास ब्लेक आणि स्कॅटरगुड या दोन संशोधकांनी सिलिकॉन-जर्मेनियमवर प्रयोग करून ही गोष्ट स्पष्ट मांडली. भेग अजिबात पडू नये असा हट्ट नाही. ती शेवटच्या पृष्ठभागात उरू नये, एवढंच बघायचं.

आणखी एक अडचण आहे. स्फटिकात अणू रांगेत बसलेले असतात, म्हणून त्याला दिशा असते. सुताराला विचारा. रेषेनं रंधा मारला की लाकूड गुळगुळीत, उलट मारला की धलपे निघतात. आता लेथवर चकती फिरते, म्हणजे एका फेऱ्यात टूल सगळ्या दिशांनी कापतं. त्यामुळे जर्मेनियमच्या चकतीवर फीड जरा जास्त झालं की चमकदार पृष्ठभागावर धुरकट पाकळ्या उमटतात. स्फटिक एका प्रकारे कापलेला असेल तर तीन, दुसऱ्या प्रकारे असेल तर चार. मशीन तेच, टूल तेच, चकती तीच. एका दिशेला आरसा, दुसऱ्या दिशेला खड्डे.

आता मी माझ्या घरी येतो, म्हणजे न्यायशास्त्रात. आपल्या नैयायिकांनी अनुमानाचा फार बारीक विचार केला. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती पक्की. पण उलट, ‘जिथे अग्नी तिथे धूर’? रोजच्या चुलीकडे बघून हेही खरं वाटतं. नैयायिक म्हणतो, थांबा. लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होता? सरपण ओलं होतं म्हणून. हे ओलं सरपण म्हणजे ‘उपाधी’. वाक्यात तिचा उल्लेख नव्हता, पण वाक्य तिच्याच जोरावर उभं होतं.

‘ठिसूळ वस्तू कापली की तडकते’ या वाक्यातही अशी उपाधी लपलेली होती. कापाची जाडी. आपण हजारो वर्षं जे काप घेतले ते सगळे जाडच होते, कारण त्याहून बारीक काप घ्यायचं साधनच नव्हतं. म्हणून अट कुणाच्या नजरेत आली नाही, आणि अटीचा गुण आपण वस्तूच्या माथी मारला. वेदान्तात स्फटिकाचाच दृष्टान्त आहे. शेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्वच्छ स्फटिक लाल दिसतो. तिथे फूल ही उपाधी.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘म्हणजे सगळं अटींवरच, वस्तूला स्वभावच नाही’, असं मी म्हणत नाही. उंबरठा किती नॅनोमीटरवर येणार, हे स्फटिकाचा ताठपणा, त्याची कठीणता आणि भेगेला विरोध करायची त्याची ताकद यांवर ठरतं. ते सगळं त्याचं स्वतःचं आहे. सिलिकॉन हिऱ्याचं टूल लवकर झिजवतो, जर्मेनियम त्या मानानं सोशिक. कॅल्शियम फ्लोराइड उष्णतेनं सिलिकॉनच्या सातपट प्रसरण पावतो, त्यामुळे एकदम गरम-थंड झालं तर तडकतो. स्वभाव आहेच. पण तो ‘तडकतो’ किंवा ‘तडकत नाही’ असा नसून, ‘अमुक अटीखाली असं, तमुक अटीखाली तसं’ असा आहे.

यात प्रत्यक्ष पणाला काय लागतं? तर विश्वास. घासलेला किंवा कापलेला स्फटिक वरून आरशासारखा चमकतो, पण पृष्ठभागाच्या खाली बारीक भेगा राहिलेल्या असू शकतात. सिलिकॉन चांगला कापला तरी वरच्या पातळ थरातली अणूंची रांग मोडलेली असते. डोळ्याला ते कळत नाही. सर सी. व्ही. रामन यांनी 1928 साली शोधलेल्या परिणामाच्या आधारानं ते तपासता येतं. साध्या कॅमेऱ्यात अशी लपलेली भेग कदाचित चालून जाईल. जोरदार लेसरपुढे नाही चालत. प्रकाश त्या दोषापाशी अडकतो, जागा तापते, छोटा खड्डा पडतो, पुढच्या प्रत्येक झोताबरोबर तो वाढतो.

अमेरिकेत लिव्हरमोर इथे 192 लेसर किरणांचं एक यंत्र आहे. 5 डिसेंबर 2022 रोजी तिथे 2.05 मेगाजूल लेसर-ऊर्जा एका इवल्याशा गोळीवर टाकली आणि अणुसंमीलनातून 3.15 मेगाजूल बाहेर आली. त्या प्रत्येक किरणाच्या वाटेत केडीपीच्या जातीचे स्फटिक आहेत, सुमारे 40 सेंटिमीटर रुंदीचे. 1053 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचं ते 351 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात रूपांतर करतात. आता हा पदार्थ मऊ, ठिसूळ आणि वर पाण्यात विरघळणारा. खतच ते! पाणी वापरून पॉलिश करायची सोय नाही. म्हणून तो हिऱ्यानंच कापतात. मोठ्या फिरत्या चकतीच्या कडेला टूल लावतात आणि स्फटिक तिच्याखालून सरकवतात. यात कापायची दिशा जवळजवळ एकच राहते, म्हणजे मघाचा पाकळ्यांचा प्रश्नही सुटतो.

आपल्याकडे? वाशीहून लोकलनं मानखुर्दकडे जाताना खाडीपुलावर डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिऱ्यानं कापण्याच्या तंत्रावर मोठं काम झालं आहे. तिथले आर. बालसुब्रमण्यम यांनी रामगोपाल सरेपाका आणि सत्यन सुब्बय्या यांच्याबरोबर या विषयावर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आणि केडीपीचे स्फटिक वाढवण्याचं काम इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात झालेलं आहे. म्हणजे हा विषय परदेशातला नाही, आपल्या खाडीच्या पलीकडचा आहे.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, मी टर्नर होतो. फीड कमी केलं की फिनिश चांगलं, हे आम्हाला माहीतच होतं. मग फीड आणखी कमी, अगदी पाव मायक्रॉन का नाही करत?

उत्तर: फार चांगलं विचारलंत. दोन कारणं. 100 मिलिमीटर व्यासाची चकती 2 मायक्रॉन फीडनं कापली तर टूलचा एकूण प्रवास होतो जवळजवळ 3.9 किलोमीटर. पाव मायक्रॉन केलंत तर 31 किलोमीटरच्या वर. सिलिकॉनसारखा माल असेल तर तेवढ्यात हिरा झिजतो, आणि झिजलेलं टूल पुन्हा भेगा पाडतं. म्हणजे ज्या भेगा टाळायला फीड कमी केलं, त्याच मागच्या दारानं घरात. दुसरं, हिऱ्याची धारही शेवटी काही दहा नॅनोमीटर बोथट असतेच. चिप त्याहून फार पातळ झाली की टूल कापत नाही, नुसतं घासतं. त्यामुळे फीड दोन्ही बाजूंनी बांधलेलं आहे.

प्रश्न: आरपीएमचं काय? तुम्ही वेगाबद्दल बोललाच नाहीत.

उत्तर: मुद्दाम नाही बोललो, कारण इथे त्याचा वाटा फीडपेक्षा कमी आहे. विचार करा, चकतीच्या कडेला वेग सगळ्यात जास्त आणि मध्यावर तो शून्याकडे जातो. वेगच निर्णायक असता तर प्रत्येक चकती मध्याकडे खराब झाली असती. तसं होत नाही. अर्थात वेग वाढला की कंपनं आणि उष्णता वाढू शकतात, म्हणून तो सांभाळावा लागतोच.

प्रश्न: इथे लोकल गेली की माझ्या घरात भांडी वाजतात. असं मशीन जुईनगरात चालेल का?

उत्तर: चालेल, पण लाड करावे लागतील. मशीनचा ग्रॅनाइटचा जड पाया हवेच्या उशांवर तरंगत ठेवतात, म्हणजे जमिनीचा हादरा वर पोचत नाही. त्याहून कठीण काम तापमानाचं. 100 मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग एक दशांश अंशानं तापला तरी 120 नॅनोमीटर वाढतो. मघाचा आपला उंबरठा केवढा होता? काही दहा ते काहीशे नॅनोमीटर. म्हणजे खोलीचं दार उघडं राहिलं, तरी हिशेब चुकायला तेवढं पुरतं.

प्रश्न: सर, हे माणसांना लावता येईल का? एखादा मुलगा लवकर मोडतो, असं आपण म्हणतो.

उत्तर: मोह होतो, पण मी जपून बोलेन. माणूस म्हणजे स्फटिक नाही, त्याचा उंबरठा सूत्रात बसत नाही. तरी एवढं जरूर करा. कुणाबद्दल ‘हा असाच आहे’ असं वाक्य तोंडात आलं, की नैयायिकाचा प्रश्न स्वतःला विचारा: इथे ओलं सरपण कोणतं? कधी सापडेल, कधी नाही सापडणार. पण शोधल्याशिवाय निकाल देऊ नका.